धान्याच्या व्यापारातली माणसं

(१९५५चा जुलै. हॉलंडमधलं लायडन शहर. भाड्याच्या होडीत चौघं : वल्ही मारणारा वकील रायनाउट, त्याची बायको यिक्के, आई कॉर्नेलिया आणि आजीला टेकून बसलेली आठ वर्षांची हेस्टर.)

कॉर्नेलिया : ...आणि ते तिसरं घर, हेस्टर, हिरव्या दाराचं. तुझ्या खापरपणजोबांनी बांधलं. दारावरचा दगडी हंस दिसला? तो आपला. हळू रे रायनाउट, पोरीला बघू दे.

रायनाउट : हळूच मारतोय, आई. वाराच ढकलतोय.

यिक्के : पुढचा पूल उचललाय. मालवाहू बार्जसाठी उचललाय, आपल्यासाठी नाही. कडेला थांबू या.

रायनाउट : एवढी जागा आहे की! दोन मिनिटांत पलीकडे.

कॉर्नेलिया : आली बघ ती बार्ज. अगं बाई, डेकवर पोर दोरीनं बांधलंय! शेळीसारखं! कसली माणसं ही, ना घर ना दार.

यिक्के : पोर पाण्यात पडू नये म्हणून बांधतात.

कॉर्नेलिया : तुला बरं माहीत!

रायनाउट : यिक्के, ही... ही होडी वळत का नाहीये?

यिक्के : आडवी झालीय. वल्हं पुलाच्या खांबात अडकलंय. सोड ते.

रायनाउट : तो बार्जवाला थांबेल ना? आपण दिसतोय की त्याला!

यिक्के : वाळूनं भरलेली बार्ज आहे. तिला थांबायला अख्ख्या गल्लीएवढं अंतर लागतं. ऊठ तिथून. ती लांब काठी दे.

रायनाउट : आईसमोर नको ना, यिक्के.

यिक्के : आईसमोर बुडायचंय का? दे इकडे. सासूबाई, पोरीला घट्ट धरा आणि खाली बसा. फळीवर नाही, अगदी तळाशी! टोपी गेली तर जाऊ दे.

कॉर्नेलिया : अगं, काठी खांद्याला काय लावतेस?

यिक्के : ओ तांडेल! उजवीकडे घ्या! मी भिंतीला चिकटतेय! उजवीकडे! ...हं. आणखी थोडं. हेस्टर, हात आत. ...गेली.

रायनाउट : गेली.

कॉर्नेलिया : त्यानं टोपी काढली. त्या बार्जवाल्यानं. तुला बघून.

यिक्के : हो.

कॉर्नेलिया : चाळीस वर्षं न्यायाधीशाची बायको होते मी. लोक टोप्या काढायचे, पण त्या ह्यांच्यासाठी. कोण होता गं तो?

यिक्के : ओळखीचा नाही. काम ओळखलं त्यानं.

रायनाउट : आई, ही लहानपणी सुट्टीत कधीतरी होडी...

यिक्के : पुरे, रायनाउट. लपवून नऊ वर्षं झाली.

कॉर्नेलिया : तुझे वडील धान्याच्या व्यापारात आहेत ना?

यिक्के : धान्य वाहतात. माझा जन्म बार्जवरचा, सासूबाई. सहा वर्षांची होईपर्यंत मलाही तसंच बांधायचे. आणि लग्नाला बाबा आले नाहीत, ते आजारी होते म्हणून नाही. त्यांना बोलावलंच नव्हतं.

कॉर्नेलिया : कुणी?

रायनाउट : मी. तुला लाज वाटेल म्हणून, आई.

कॉर्नेलिया : मला विचारलं होतंस?

रायनाउट : नाही.

कॉर्नेलिया : आत्ता वाटतेय. तुझी. ...हेस्टर, तो हंस राहू दे आता. आईकडे बघ. कशी उभी आहे बघ, होडी हलतेय आणि ही हलत नाही. घरी गेल्यावर मैत्रिणींना हे सांग.

यिक्के : सासूबाई, तुमचा झगा भिजलाय.

कॉर्नेलिया : वाळेल. तुझे आईवडील सध्या कुठे असतात?

यिक्के : बुधवारी गौडाच्या धक्क्याला.

कॉर्नेलिया : म्हणजे उद्या. रायनाउट, उद्याचं म्युझियम रद्द. गौडाची गाडी किती वाजता असते ते विचारून ये.

रायनाउट : आई, त्यांच्या बार्जवरच्या त्या इवल्याशा खोलीत एवढी माणसं मावायची नाहीत.

कॉर्नेलिया : मग तू डेकवर उभा राहा. ...यिक्के, तिथली काय रीत असते? आधीच सांगून ठेव, मला तिथं चुकायचं नाहीये.

यिक्के : बूट बाहेर काढायचे. आमच्या आईला आत बूट चालत नाहीत. कुणाचेही.