नव्या बाईंच्या वर्गातलं अक्षर

बदली झालेल्या मास्तरानं जुन्या शाळेत जाऊ नये, राव. मी परवा पिंपळवंडीला गेलो आणि जळून आलो.

पहिलीत माझ्या हाताखाली असलेली सोनी आता दुसरीत आहे. माझ्या काळात तिचं एक अक्षर ओळीवर बसत नव्हतं. नव्या बाईंनी कौतुकानं तिची वही माझ्यापुढं धरली. काय वळणदार अक्षर! मी मान डोलावली, पण डोळे चुका शोधत होते. एका 'भ'ला गाठ मारायची राहून त्याचा 'म' झालेला दिसला, तेव्हा कुठं जिवाला थंड वाटलं. लगेच दाखवला. बाई नुसतं "हो सर" म्हणाल्या.

मग मी सोनीलाच विचारलं, "हे कुणी शिकवलं गं?"

"बाईंनी."

"आणि मी काय शिकवलं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "तुमी चिंचेवर चढायला शिकवलं. लई मजा यायची. बाईंना नाय येत."

तेवढ्यात सगळा वर्ग ओरडला, "सर, परत या ना!"

मी खुशीत बाईंकडं बघितलं. त्यांनी वही मिटली.

"हेच ऐकते मी रोज," म्हणाल्या, आणि मला चहाचंसुद्धा विचारलं नाही.