ओळीतली दुसरी घागर

(धाराशिव. कोर्टाच्या आवारात लिंबाखालचा बाक. सकाळचे साडेदहा वाजलेत.)

उत्तरेश्वर : पुन्हा एकदा म्हण, माय. वकील विचारील, "दगडाबाई, त्या दिवशी तुम्ही आडावर होता का?" तर तू काय म्हणशील?

दगडाबाई : होते.

उत्तरेश्वर : होते म्हणायचं न्हाय! "ध्यानात न्हाय" म्हणायचं. कळंबपासून चार येळा सांगितलं तुला.

दगडाबाई : ध्यानात हाय की. टँकरनं आडात पाणी सोडलं होतं. ओळीत शिवकन्याची घागर पहिली, माझी दुसरी. तुझा इंद्रजित आला, तिची घागर लाथेनं उडवली आन् तिची जात काढून बोलला.

उत्तरेश्वर : हळू! सरकारी वकील तिथं च्या पितोय.

दगडाबाई : पिऊ दे. म्या त्याचीच साक्षीदार हाय न्हवं?

उत्तरेश्वर : तू इंद्रजितची आजी हायस. पोलिसांनी इचारलं तवाच गप बसायचं होतं.

दगडाबाई : इचारलं, सांगितलं. तुम्ही कुणी म्हणला न्हाय की खोटं सांगायचंय म्हणून.

उत्तरेश्वर : चेष्टा सुचती तुला. पोराचं भरतीचं ग्राउंड निघालंय, लेखी निघाली. शिक्षा लागली की पोलिसाची वर्दी गेली. शिवकन्या सोडून ओळीत नऊ बाया होत्या, माय. आठजणींना काय दिसलं न्हाय, काय ऐकू आलं न्हाय. तू एकटी राहिलीस.

दगडाबाई : आठजणी एकदम आंधळ्या झाल्या. टँकरचं पाणी तपासून घ्या म्हणावं.

उत्तरेश्वर : म्या शिवकन्याच्या दारात जाऊन आलो. हात जोडले. मिटवून घे म्हणलं.

दगडाबाई : काय म्हणली?

उत्तरेश्वर : म्हणली, "काका, मी न्हाय मिटवणार. दगडाबाई खरं बोलतील." बस. दार लावून घेतलं.

दगडाबाई : आजीवर गेलीय. प्रेमाबाई अशीच होती.

उत्तरेश्वर : आता प्रेमाबाईचं काय मधीच?

दगडाबाई : बहात्तरच्या दुष्काळात आमी पाझर तलावाच्या कामावर होतो. तू पोटात होतास. प्रेमाबाईला पाणी वाटायला ठेवलं, तर आमच्या बाया तिच्या हातचं घीनात. ऊन डोक्यावर, तोंडाला कोरड, तरी घीनात. मंग ओव्हरशियर आला. म्हणला, "शिवाशिव पाळणं गुन्हा आहे. कायदा होऊन सतरा वर्षं झाली, तुमच्या गावात अजून पोचला न्हाय का? रांजण एकच राहील."

उत्तरेश्वर : मंग?

दगडाबाई : म्या उठले आन् प्याले. लई गार होतं. तुझा बाप आठ दिवस बोलला न्हाय माझ्याशी.

उत्तरेश्वर : आन् नवव्या दिवशी?

दगडाबाई : त्यालाबी तहान लागली.

उत्तरेश्वर : तो कायदा येगळा होता, माय. समज द्यायचे, सोडून द्यायचे. कुणाला काय झालं न्हाय त्यानं.

दगडाबाई : म्हणून तर हा दुसरा काढला असंल.

उत्तरेश्वर : हा ॲट्रॉसिटीचा लई कडक हाय. खोट्या केसा पडतेत. लोकांचं वाटोळं होतं.

दगडाबाई : पडत असतील. ही खोटी हाय का?

उत्तरेश्वर : थांब, पुकारा झाला का बघून येतो.

दगडाबाई : तुला इचारते, उत्तरेश्वर. तू त्याचा बाप हायस. ही खोटी हाय का?

उत्तरेश्वर : घागरीला धक्का लागला असंल. पोरगं तापट हाय. एवढंच झालं म्हणतो त्यो.

दगडाबाई : आलाच बघ. त्यालाच इचारू.

इंद्रजित : बाबा, वकीलसाहेब म्हणतेत, मी इथं थांबायचं न्हाय. आजीला पाणी द्यायला आलो. बिसलेरी हाय, आजी. गार.

दगडाबाई : ठेव बाकावर. आन् तुझ्या बाबाला सांग, त्या दिवशी शिवकन्याला काय बोललास.

इंद्रजित : आजी, आता कशाला?

दगडाबाई : जसंच्या तसं सांग. त्याला वाटतं, नुसता धक्का लागला.

इंद्रजित : इथं नको. माणसं हायेत.

दगडाबाई : तिथंबी माणसंच होती.

उत्तरेश्वर : इंद्रजित? अरे, बोल की.

इंद्रजित : बाबा... नका इचारू.

उत्तरेश्वर : म्हणजे बोललास.

दगडाबाई : खाली बघू नको, राजा. इकडं बघ. माझ्या मांडीवर वाढलास तू. रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय माझा. तुला आत टाकलं तर दर आठवड्याला यष्टीनं येईन, कुणी आणलं न्हाय तर एकटी येईन. पण "ध्यानात न्हाय" असं म्या म्हणणार न्हाय. ती पोरगी पडलेली घागर उचलून माझ्याकडं बघत होती. आन् म्या काय केलं? पुढं सरकून माझी घागर भरली. लगेच, तिच्या डोळ्यादेखत. तुझा गुन्हा तुझ्याजवळ. हा माझा हाय.

उत्तरेश्वर : माय, बास कर. डोळे पूस. लोक बघायलेत.

दगडाबाई : बघू दे. मला भीती येगळ्याच गोष्टीची हाय. काल सरकारी वकील म्हणला, आरोपी जे बोलला त्येच शब्द साक्षीत सांगावे लागतील, जसेच्या तसे. पंचाहत्तर वर्षांत त्यो शब्द माझ्या तोंडातून निघाला न्हाय. आज तिच्यासमोर बोलावा लागंल.

इंद्रजित : आजी...

उत्तरेश्वर : तुझं नाव पुकारलं, माय. चल. माझा हात धर.

दगडाबाई : तू सोडायला येतोस?

उत्तरेश्वर : दारापर्यंत. पायऱ्या उंच हायेत.

इंद्रजित : आजी, दोन घोट पिऊन तरी जा.

दगडाबाई : आता नको. तू बाटली धरून इथंच थांब. तुझा शब्द बोलून आले की मला चूळ भरायला लागंल.