महानंदाचा हात आणि चार एलईडी

...न्हाई, गाडीला नवे लाईट लावले ह्यो काय गुन्हा हाय का? तुमाला सांगतो, आमच्या फटफटीचे इंडिकेटर कवाच मेलेले, मागचा लाईट तर उदबत्तीएवढा... पण आमचं कधी अडलं न्हाई, कामून की मागं आमची महानंदा बसायची. वळण आलं की हिचा हात बाहेर, बांगड्या खळखळ, आन् मागचा ट्रॅक्टर गप हळू. भालकी रोडच्या समद्या ऊसवाल्यांना त्यो हात ठावूक हाय! पण यंदा हिचा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, हात उचलायचा न्हाई. आन् ही उचलायलीच. वळणावर मागनं नुसतं 'स्स' ऐकू यायचं, जीव तुटायचा की हो माझा. म्हणून लावले एलईडी. सांगा, माझं काय चुकलं?

गेलो भालकीला, मिस्त्री काशप्पाकडं. "सिद्धप्पाअण्णा, असं झगझगीत लावतो, पार हुमनाबादहून दिसंल." लावलं. घरी आणून अंगणात उभी केली, पेटवून दाखवलं. मला वाटलं, खूश होईल. हिनं पदराला हात पुसले आन् म्हणाली, "चांगलं झालं की. आता समदं लाईटच सांगायलाय, मग मागं माझं काय काम?" आन् बाजाराला गेली बसनं! त्यो तसला खांदा घेऊन, बसमधी धक्के खात... आन् मी मोकळी गाडी घेऊन जाताना बसच्या मागं, येताना बसच्या मागं. कंडक्टर मागच्या काचेतनं हसायलाय. आता ह्यात माझं काय चुकलं?

आमच्या फाट्यावर बस थांबली, ही उतरली. मला वळायचं उजवीकडं. दाबलं उजवं बटन... आन् चारीच्या चारी लाईट लागले की मिचमिचायला! आता आपल्याकडं चारी लाईट म्हणजे काय? सरळ जायलाय. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं बी तेच धरलं आन् घातला की उजवीकडनं! मी ब्रेक दाबला, ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे थोबाडावरनं सपकन गेले, टोपी गेली ट्रॅक्टरसंगं. त्यो थांबला, माझ्यावरच वरडायलाय, "ओ अप्पा, चारी लाईट लावून वळतंय का कुणी? वळायचं होतं तर अक्काला बसवायचं की मागं!"

ही रस्त्याच्या कडंला उभी, तोंड पांढरं पडलेलं. आली. माझ्या केसातलं पाचट काढलं. आन् मागं जाऊन बसली. मी म्हटलं, "अगं, खांदा..." तर म्हणाली, "कोपर तुमच्या खांद्यावर टेकते, नुसतं मनगट हलवते. चला."

खरं सांगतो, इतकं बरं वाटलं...

काशप्पा म्हणायलाय, "मीटरमधल्या एका बल्बातनं करंट दुसऱ्या बाजूला पळायलाय अण्णा, बारका पार्ट टाकला की झालं. चहा पिऊस्तोवर करतो." मी म्हटलं, बघू. घरी हिनं विचारलं, "नीट करून आणलाव का?" मी म्हटलं, "पार्ट मिळंना म्हणं." तशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मिळंल सावकाश, काय घाई हाय?"

काशप्पाच्या दुकानात त्यो पार्ट डबा भरून पडलाय, हे हिला कुणी सांगू नका. आन् आता तिचा खांदा मोकळा झालाय म्हणा, आखडलाय त्यो माझा... डॉक्टर विचारायलेत, "ह्याच्यावर काय वजन ठेवायलाव?" आता त्यांना काय सांगू, इंडिकेटर हाय म्हणून?