पहाटंचं सपान आन् निळा कोटवाला

…आन् वरून पोरगी मलाच म्हणती, "आप्पा, तुमीच तर गावभर सांगत फिरला!" आता बोला! मी सांगत फिरलो ते कशासाठी? तर हुऊ न्हाय म्हणून! तुमाला सांगतो, सोनारीपास्नं आमच्या वस्तीपर्यंत कुणालाबी इचारा, पहाटंचं सपान खरं हुतं, आन् खरं हुऊ द्यायचं नसंल तर काय करायचं? दिसंल त्याला सांगून टाकायचं. जितक्या कानांत जाईल तितकं ते पातळ हुतं, माझी आई सांगायची, तिची आई सांगायची… मग म्या तेच केलं, तर माझं चुकलं कुठं? दिसलेलं बदलतं का हो?

त्याचं झालं असं. आमची वैष्णवी, एकुलती एक, बारावी झालेली, मोबाईलवर एक मालिका बघती. परदेशातली, पर बोलती हिंदीत. त्यात एक निळा कोटवाला हाय, त्येला उडता येतं, मोटार उचलता येती, आन् डोळे मिटले की उद्याचं दिसतं! दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की मीबी तिच्या शेजारी बसतो. गार वारं, मेंढरांचं रवंथ, डोळ्यावर झापड… निम्मं मोबाईलात बघतो, निम्मं झोपंत. तर त्या निळ्या कोटवाल्याला दिसलं, गावचा पूल पडणार. गडी चौकात हुबा राहून वरडला, "भागो! पूल गिरेगा!" लोक पळाले. कुठनं? पुलावरनंच! एवढी गर्दी झाली की पडला की ओ पूल!

वैष्णवी म्हणती, "बघा आप्पा, त्यानं सांगितलं नसतं तर पडलाच नसता." तिची आई बानू म्हणती, "मग गप बसायचं की मेल्यानं! उडता येतंय तर खालनं पूल धरायचा!" म्या म्हणलं, "आगं, त्यो दुपारी बघतो. दुपारच्या सपनाला काय किंमत?" झालं! तिघांचं भांडण, मेंढरं दचकून उठली! दिसलेलं बदलतं का हो, एवढ्यावरनं!

आन् दुसऱ्याच पहाटं मला सपान. काय सांगू तुमाला… येष्टी आली, थेट वस्तीच्या दारात. आवाज न्हाय, धूळ न्हाय, ज्वारीच्या कणसांवरनं अलगद. आत सीटवर समदी मेंढरं, मांडी घालून. आन् कंडक्टर कोण? आमचा म्हातारा एडका, तिकीट फाडतोय! खिडकीला वैष्णवी, आंगात पांढरा कोट. पाटीवर लिवलेलं, नागपूर. मी हाक मारतोय तर तोंडातनं नुसती लोकर… गाडी वर गेली, ढगांत, आन् ढग म्हंजी तरी काय, आमचीच मेंढरं आभाळात चरत हुती. इतकं गोड दिसत हुतं ओ! जागा झालो तर उशी वली.

नागपूर! आमचं कोण हाय तिथं? कुत्रं वळखत न्हाय! तिनं धाराशिवच्या कॉलेजात जायचं, सांजंला येष्टीनं घरी यायचं, मी ठरवून बसलेलो. ह्या पोरीबिगर माझा दिस मावळत न्हाय, खरं सांगतो. म्हणून उठलो, चूळबी भरली न्हाय, सुटलो सांगत! दूधवाल्याला सांगितलं, त्याच्या म्हशीला सांगितलं, शेवटी गुरुलिंगच्या हाटेलात. त्यो चहा गाळता गाळता थांबला. "नागपूर? पांढरा कोट? आरं बलभीम, तिथं जनावरांच्या डॉक्टरचं कॉलेज हाय की! आन् तुझी पोरगी तर अडलेली मेंढी सोडवती!" म्या म्हणलं, "हळू बोल बाबा!" हळू? गुरुलिंग? दुपारच्या आत वैष्णवीच्या कानात!

पोरगी म्हणती, "आप्पा, मला लई दिसांपास्नं तेच शिकायचंय. तुमी एवढ्या लांब पाठवणार न्हाय म्हणून कधी बोलले न्हाय. पर तुमच्याच सपनात आलंय म्हणल्यावर…" म्हणल्यावर काय? मार्क हुतेच, नुसता माझा धाक आडवा हुता. लागला नंबर! गाडीत बसवून दिली, तर बानू पदरानं डोळे पुशीत म्हणती, "फळलं बघा तुमचं सपान!" म्या म्हणलं, "सपान न्हाय गं… माझं तोंड फळलं." गाडी दिसंनाशी झाली तरी हात हलवत हुतो, आन् छाती कशापाय फुगली हुती काय की!

आता लिंबाखाली एकटाच बसतो. माझ्या मोबाईलात निळा कोटवाला अजून पळतोय, अजून त्येला कळंना, दिसलेलं बदलतं का! आन् आज पहाटं परत सपान पडलं… आता माझी पंचाईत बघा. सांगावं तर रीतीपरमाणं फळायचं न्हाय. गप बसावं तर गेल्या बारीला सांगितलं म्हणूनच झालं की! बेजार झालो. म्हणून म्या ठरवलंय, निम्मंच सांगायचं. तर ऐका. येष्टी थांबली, वैष्णवी उतरली, माझ्याकडं बघून हसली, म्हणली, "आप्पा, किती वाळलाव!" बास. फुडं ती राह्यली का माघारी गेली, तेबी दिसलंय मला… पर ते म्या बानूलासुदिक सांगितलं न्हाय, तुमी कोण लागून गेलाव!