बाळंतशोपा

नाकाला पदर काय लावता, मावशी? पोरीला न्हाऊ घालायला येता की माझ्या तोंडाचा वास घ्यायला? बाटली सापडली ना बाथरूममध्ये, तेलाच्या डब्यामागे — सापडली तर सापडली. माझीच आहे. सौरभची नाही — नवरा माझा बिचारा सकाळी कंपनीच्या कॅबमध्ये बसतो तो रात्रीच उगवतो, त्याला कुठलं काय कळतंय! त्याला वाटतं, बायको गुणाची, आईचं ऐकून दिवसभर बाळंतशोपा चघळते. साताऱ्याहून सासूबाई भाजून डबेच्या डबे पाठवतात — जुईली, शोपा खा हं, दूध चांगलं येतं! खाते की. एक घोट, वर मूठभर शोपा. आता नुसता डबा उघडला तरी मळमळतं मला — शी!

नाही, तसं रोजचं नाही हं. म्हणजे — रोजचंच. पण थोडी. पोटुशी होते तेव्हा थेंब घेतला नाही, देवाशप्पथ. त्याआधी ऑफिसच्या पार्टीत, मुळशीच्या रिसॉर्टवर, सगळेच घ्यायचे — तेव्हा कुणी नाक नाही धरलं. आता ह्या गावाबाहेरच्या चांद्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि ही. गाऊन दुधानं आंबलेला, केसांना तिच्या ओकारीचा वास, ही रडते, मी रडते — एक घोट घेतला की निदान एक जण तरी गप्प बसतं ना?

दोघीही बसतात. — अशा काय बघताय? परवा तुम्हीच म्हणालात ना, लई गुणाची पोर हाय, किती निजती! तुम्ही म्हणालात, सौरभ म्हणाला — आणि मी हसले. हसले मी, मावशी! ठाऊक होतं मला, ती का निजते ते. पाजायच्या आधी घेतली होती मी. मग हलवून हलवून उठवत होते, मान अशी लुळी — आणि एकदाची रडली, तेव्हा काय केलं मी, सांगू? सुटले बाई, म्हणून आणखी एक घोट घेतला. थुंका. थुंका ना माझ्यावर! आरशात बघते तेव्हा मलाही तेच वाटतं.

बरं, आता शिकवू नका मला. डॉक्टरकडे जाईन, सोडेन, सोमवारपासून सोडेन — सांगितलं ना! आणा किमयाला इकडे. मालिश झालं, धुरी झाली, द्या. भूक लागलीय तिला, दूध वाहतंय माझं. द्या म्हणते ना, मावशी! माझी मुलगी आहे ती — पदराखाली काय लपवता, मी काय तिला —

थांबा. नका देऊ. सकाळपासून दोनदा घेतलीय मी. तशीच दुपट्यात गुंडाळा आणि तुमच्या घरी न्या. ओट्यावर पावडरचं दूध आहे, तेही न्या. सौरभला मी फोन करते — नाही, मी नाही करायची, ओळखते मी मला. तुमच्या पोराला, रवीला सांगा लावायला. सगळं सांगा सौरभला, शोपांचंसुद्धा. अहो, उभ्या काय राहिलात? जा ना! माझा विचार बदलायच्या आत जा!