भाकरीत, सोबत, का खाली

देवळीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मामा-भाचे बसले होते. भाच्यासाठी हिंगणीला मुलगी पाहायला निघाले होते.

“धनंजय, पोरीच्या बापानं पीएचडी कायची म्हणून इचारलं, तं काय सांगशीन?”

“जर्मनीतल्या लुथरपंथी पंडिताचं चरित्र, मामाजी. चारशे वर्षांपूर्वी विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवत होता.”

“पुलगावच्या पाहुण्याइले असंच सांगतलं तू. त्याइले वाटलं, पोरगं ख्रिश्चन झालं. सोयरीक मोडली.”

“झालो असतो, तं निदान प्रबंध संपला असता.”

“केलं काय त्या बुवानं?”

“जन्मभर भांडला. चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीत येशू असते, का भाकरीसोबत, का भाकरीखाली.”

“अन् तू?”

“तो काऊन भांडला, ते नऊ वर्षांपासून शोधून राह्यलो.”

“सापडलं?”

“‘सोबत’पर्यंत आलो. ‘खाली’ बाकी आहे.”

“हे तिथं बोलू नोको बापा. मी प्रोफेसर हाओ, एवढंच म्हन.”

“तासिकेवरचा प्रोफेसर. उन्हाळा लागला का कॉलेज मले ओळखत नाई.”

“तेही बोलू नोको. अशा भांडखोर मानसाले पोरगी कोनं देल्ली असन? एकटाच मेला असन.”

“नाई मामाजी. त्याचे तीन लग्नं झाले. एक बायको गेली का दुसरी.”

“तीन? भाकरीवरून भांडून?”

“हो.”

“मंग तू काऊन भितं? त्याले तीन भेटल्या, तुले एक नाई भेटन? ऊठ, गाडी लागली.”

“तो परमनंट होता, मामाजी.”