सर्वज्ञ इथराक

उर्वशी : थांबव गाडी. इथीच थांबव.

प्रणित : घर तं पुढं आहे ना त्यायचं, ताई. शाळेच्या मागं.

उर्वशी : माह्याहून जास्त माहीत आहे का तुले? थांबव म्हटलं ना. तिथी जाऊन तू काय बोलणार आहेस ते मले आधी आयकू दे. काल रातच्याले तोंड उघडलं, तेवढंच पुरे झालं.

प्रणित : मी म्हणतो... मी असं म्हणतो का, ते मी नाई बोललो. इथराक बोलला.

उर्वशी : कोण?

प्रणित : इथराक. माह्या बाजूचा द्रष्टा. खेळातला.

उर्वशी : हेल्मेट काढ.

प्रणित : काऊन?

उर्वशी : कानाखाली द्याची आहे. हेल्मेटवर माहाच हात दुखेल.

प्रणित : आयकून तं घे ना! ते त्याचं कॅरेक्टरच तसं आहे. ताऱ्यायच्या पल्याडची जात, माणसाहून लाखो वर्षं जुनी. त्याले पुढचं सारं दिसते, म्हणून तो माणसाले किडा समजते. जेवढा माज दाखवला तेवढी मजा येते. आमच्या चंद्रपूरच्या होस्टेलात पोरं हसून हसून लोळतात.

उर्वशी : ते होस्टेल होतं. काल घरी कोण होतं? गावात नाटक, घरोघरी पाहुणे. आपल्याकडं नाटकाच्या रातीच सोयरिकी जमतात, म्हणून बाबानं मुद्दाम कालचाच दिवस धरला. दोन्ही घरची माणसं बसतील, साक्षगंधाची तारीख काढतील. अन् तू मांडवात खाटेवर दाराची फळी टाकून ते प्लास्टिकचे शिपाई मांडून बसला. माह्याच नेलपालिशनं रंगवलेले.

प्रणित : नाटकाले टाइम होता. पाहुणे कंटाळून राह्यले होते. अन् प्रवीण भाऊजीच म्हणाले, मी खेळतो.

उर्वशी : भाऊजी म्हणू नको. अजून कोणी भाऊजी नाई तुहा. आता होतो का नाई, देव जाणे. तुले बरं वाटावं म्हणून बसला तो. आपला साळा होणार आहे, दोन घडी त्याच्यासंग बसावं म्हणून. त्याले त्या खेळातलं काई समजत नव्हतं.

प्रणित : समजत होतं. चांगला खेळत होता.

उर्वशी : मंग?

प्रणित : मंग काय. हारून राह्यलो होतो मी.

उर्वशी : हे आता सांगतेस!

प्रणित : सारे पाहून राह्यले होते ना. प्रवीण भाऊचे काका, आपले बाबा, नाटकवाले दोघं चहा प्याले आले होते ते. म्हटलं, नव्या माणसापासून हारलो तं नाक कापलं जाईल. इथराकपाशी एक डाव असते. समोरचा पुढं काय करणार ते त्याच्या तोंडावर सांगून टाकायचं. त्यानं तेच केलं, तं त्याची अख्खी फौज आपली.

उर्वशी : तोंडावर सांगितल्यावर कोण करेल तेच? दुसरं काई करेल ना.

प्रणित : सारे दुसरंच करतात. म्हणून तो डाव कोणी खेळत नाई. पण भाऊचा एक शिपाई मागं पडला होता. मले माहीत होतं का तो त्याले सोडून जाणार नाई. तूच तं सांगितलं होतं.

उर्वशी : मी तुले याच्यासाठी सांगितलं होतं का रे?

प्रणित : नाई.

उर्वशी : तू त्याले बोदा म्हणत होता. बोलत नाई, हसत नाई, ताई तू कुठून हा नंदीबैल पाह्यला. म्हणून सांगितलं. का हा माणूस माह्यासमोर रडला. कोणाले सांगू नको म्हणाला. मी म्हटलं, नाई सांगत. अन् आठ दिवस नाई झाले तं तुह्यापाशी ओकली. म्हटलं, भाऊ आहे, त्याची कदर करेल.

प्रणित : ताई, रडू नको ना. लोक पाहून राह्यले.

उर्वशी : पाहू दे. आता म्हण, काल काय बोलला ते. त्याच आवाजात म्हण.

प्रणित : नाई म्हणू शकत.

उर्वशी : काल तं पार गावाबाहेरच्या बोडीच्या पाण्यापर्यंत आयकू गेलं. म्हण! त्याच्या आईच्या घरात पाय ठेवण्याआधी तुह्या कानानं एकदा आयक.

प्रणित : “अल्पायुषी मानवा, तुझा सूर्य जन्मण्याआधी मी तुझा पराभव पाहिला आहे. तू मागे फिरशील.”

उर्वशी : तो फिरला. त्याच्यानंतर?

प्रणित : ताई...

उर्वशी : त्याच्यानंतर, प्रणित?

प्रणित : “का फिरशील तेही मी जाणतो. वाघ आला तेव्हा भावाला सोडून जो झाडावर चढला, तो आयुष्यभर मागेच फिरत राहतो.”

उर्वशी : अन् मंग हसला तू.

प्रणित : इथराक हसते तसा. मले वाटलं सारे हसतील. कोणीच हसलं नाई. ते शिपाई अजून तसेच पडून आहेत फळीवर. मले हात लावाची लाज वाटते. करू का गाडी चालू?

उर्वशी : चालत जाऊ. गाडी घेऊन कोणाच्या अंगणात मिरवत जायचं तोंड नाई आपलं.

(सुगंधाबाईचं अंगण. ती सुपात तांदूळ निवडत बसली आहे.)

सुगंधाबाई : या. पाय धुवा. बकेटीत पाणी आहे.

उर्वशी : मावशी, आमी...

सुगंधाबाई : पाय धू आधी, माय. उन्हातून आली. हा तुहा भाऊ ना? कालचा?

प्रणित : हो जी.

सुगंधाबाई : दिवसा लहान दिसते. काल रातच्याले लय मोठा वाटला. चहा ठेवू?

प्रणित : चहा नको जी. मावशी, मले माफ करा. मी... आवं, पाय मांगं नका घेऊ. माहं चुकलं. मी जितण्याच्या नादात बोलून गेलो. प्रवीण भाऊले भेटाचं आहे मले.

सुगंधाबाई : पाय सोड बाबा. देवाचे पाय नाई ते. प्रवीण घरी नाई. पहाटीच बांधीवर, धानाच्या वावरात गेला. बैलाच्या पायाखाली धान चुराचं आहे म्हणाला. बैल गोठ्यात बांधून आहेत अन् हा धान चुराले गेला.

उर्वशी : जेवला का?

सुगंधाबाई : काल तुमच्या घरून उठला तेव्हापासून पाण्याचा घोट नाई. गाडीत माह्या बाजूले बसला होता. मी म्हटलं, बाबू, काय बोलला रे तो पोट्टा? तं म्हणाला, खरं बोलला आई. बस.

प्रणित : तुमाले माहीत नव्हतं?

सुगंधाबाई : मले? मले तं उलटंच माहीत होतं. सगळ्या गावाले मीच सांगितलं होतं ना! प्रवीणनं काठी घेतली अन् वाघाच्या अंगावर धावला, म्हणून त्याच्या भावाचं, मुखरूचं अंग तरी सापडलं. तुमच्या घरी काल दुपारी जेवताना बी सांगितलं. तू वाढत होती, उर्वशी.

उर्वशी : हो मावशी.

सुगंधाबाई : तुले माहीत होतं तेव्हा?

उर्वशी : हो.

सुगंधाबाई : अन् तू मान हलवत होती. कढी वाढू का म्हणत होती.

उर्वशी : मी काय करू मावशी, त्यानं शपथ घातली होती. मले त्या टायमाले जमिनीत जावंसं वाटलं.

सुगंधाबाई : त्यानं भात तसाच ठेवला होता ताटात. मी म्हटलं, काऊन रे, सासुरवाडीत लाजून राह्यला का? मस्करी केली त्याची. चार माणसात.

प्रणित : पण तुमाले काठीचं कोणी सांगितलं मंग?

सुगंधाबाई : कोणी नाई. मीच जोडलं.

उर्वशी : मावशी!

सुगंधाबाई : आता कसाले लपवू? दोघं भाऊ मोहफुलं वेचाले गेले, एकच आला. लोक तोंडानं काई म्हणत नव्हते, पण पोराकडं अशा नजरेनं पाहत. विहिरीवर बाया गप होत. एक दिवस मुखरूची बायको म्हणाली, याच्या अंगावर ओरखडा बी नाई. मंग मी काठीची गोठ काढली. पहिले तिले सांगितली, मंग विहिरीवर, मंग पाहुण्यारावळ्यात. सांगता सांगता मलेच खरी वाटाले लागली. वाघ कसा गुरकावला, ते बी सांगो मी.

प्रणित : प्रवीण भाऊ काई बोलला नाई कधी?

सुगंधाबाई : हो नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं. मी गोठ सुरू केली का उठून बाहेर जाये. मले वाटे, भावाची याद येते त्याले. कशी माय मी! माह्या पोराले मीच रोज वाघापुढं उभं करत होती अन् तो रोज झाडावर चढत होता.

उर्वशी : तुमी त्याच्यासाठीच केलं ना मावशी.

सुगंधाबाई : तू बी त्याच्यासाठीच सांगितलं असशील. सारे त्याच्यासाठीच करतात. वाघ समोर आला तं मी काय केलं असतं? मी बी चढली असती, चढता आलं असतं तं.

उर्वशी : मावशी, एक विचारू? आमची सोयरीक... मोडली समजू का?

सुगंधाबाई : ते मले काऊन विचारते? त्यानं ते आईले नाई सांगितलं. तुले सांगितलं. तुह्यापाशी त्याचा जीव मोकळा झाला, अन् तू ते चार दिवस सांभाळलं नाई. राग आला मले. रातभर तुले शिव्या घातल्या, खोटं कशाले बोलू? पण तो काय म्हणते ते मी कशी सांगू?

उर्वशी : नाई म्हटलं त्यानं, तं बरोबरच आहे त्याचं.

सुगंधाबाई : प्रणित, तुह्या त्या खेळातला तो कोण म्हणतेस? नाव काय त्याचं?

प्रणित : राहू द्या ना जी.

सुगंधाबाई : नाई, सांग ना.

प्रणित : इथराक.

सुगंधाबाई : त्याले पुढचं सारं दिसते म्हणे. पाह्य मंग. मले एवढंच सांग, आज माहा पोरगा जेवाले घरी येते का?

प्रणित : नाई माहीत जी.

सुगंधाबाई : काल तं लय माहीत होतं.

प्रणित : काईच माहीत नव्हतं मावशी. दुसऱ्यानं सांगितलेलं घोकून बोललो. मले काई दिसत नाई. खरंच नाई दिसत.

सुगंधाबाई : रडू नको. पुरुषासारखा पुरुष. उर्वशी, चुलीवर भात आहे, वरण आहे. डब्यात भर. वांग्याची भाजी वरच्या खणात घाल, त्याले मिसळलेली आवडत नाई.

उर्वशी : मी घेऊन जाऊ?

सुगंधाबाई : तू इथीच राह्य. तुले पाह्यलं तं तो डबा फेकून देईल नाई तं रडेल, दोन्ही नको आता. हा जाईल.

प्रणित : मी?

सुगंधाबाई : तूच. बांधी जंगलाच्या कडेले आहे. पांदणीनं सरळ जाय, अन् मोठ्यानं खोकत जाय, वाघाच्या भेवानं तिकडं सारे तसेच जातात.

प्रणित : मी त्याले काय सांगू मावशी?

सुगंधाबाई : काई नको सांगू. जेव म्हण.

प्रणित : नाई जेवला तं? मले हाकललं तं?

सुगंधाबाई : हाकलेलच. एखादं ढेकूळ बी मारेल. मंग जरा दूर जाऊन बांधावर बस. पण त्याले तिथी एकटं सोडून येऊ नको.